हंगेरीच्या संत एलिझाबेथ

इ. स. १२०७ मध्ये हंगेरीच्या राजघराण्यात जन्मलेल्या एलिझाबेथ यांचा विवाह १२२१ साली थुरिंजियाच्या लुडविग यांच्याशी झाला. १२२६ च्या दुष्काळात पती इटलीत असताना त्यांनी राजकोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. वार्टबुर्ग गडाच्या पायथ्याशी २८ खाटांचे इस्पितळ उघडले. दरबारी मंडळी संतापली. परतलेल्या लुडविग यांनी मात्र पत्नीचीच बाजू घेतली. पुढच्याच वर्षी, धर्मयुद्धाच्या वाटेवर, ते ओत्रांतो येथे तापाने वारले. दोन मुले पदरी, तिसरे पोटात. वय अवघे वीस!

मारबुर्ग येथे इस्पितळ उभारून एलिझाबेथ स्वहस्ते रोग्यांची शुश्रूषा करू लागल्या. मुलांना मात्र त्यांनी स्वतःपासून दूर ठेवले. त्यांच्या चरित्रातील हे पान आम्हांला आजही अस्वस्थ करते. १२३१ च्या नोव्हेंबरात, चोविसाव्या वर्षी, त्या देवाघरी गेल्या. १२३५ साली पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संतपद बहाल केले. आल्टेनबर्गच्या मठात सोपविलेली धाकटी गर्ट्रूड पुढे त्याच मठाची प्रमुख झाली.