नामदार गोखले आणि शाळेच्या खर्चाचा प्रश्न

प्राथमिक शिक्षणाचा खर्च पालकांनी करावा, नगरपालिकेने की सरकारने, हा प्रश्न कायदेमंडळात नेटाने मांडणारे नेते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. लहानपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते गोपाळरावांच्या शिक्षणासाठी पाठवीत. एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याला शाळा सोडावी लागते, हा अनुभव गोखले यांना घरातच मिळाला.

१८८४ मध्ये पदवीधर झाल्यावर ते पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दाखल झाले आणि १९०२ पर्यंत त्यांनी अध्यापन केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सरकारी जमाखर्चाचा बारकाईने अभ्यास केला.

१८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांकडून अत्याचार झाल्याची पत्रे त्यांना तेथे मिळाली आणि ते आरोप त्यांनी जाहीरपणे मांडले. परतल्यावर सरकारने पुरावे मागितले, तेव्हा पत्रलेखकांपैकी कोणी उघडपणे पुढे येईना. गोखले यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत; जाहीर माफी मागून सर्व नामुष्की स्वतःवर घेतली. सत्तेविरुद्ध बोलण्याची सामान्य नागरिकाला वाटणारी भीती किती खोल असते, हे या प्रसंगातून दिसून आले.

मुंबई प्रांताच्या कायदेमंडळानंतर ते केंद्रीय कायदेमंडळात गेले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. अर्थसंकल्पावरील भाषणांत ते एकच मुद्दा आग्रहाने मांडत : लष्करावर भरमसाट खर्च होतो, तिजोरीत शिल्लक राहते, मग शिक्षणाला पैसा का नाही? शासकीय गुपितांसंबंधीच्या कायद्यातील कडक तरतुदींना आणि १९०७ च्या सभाबंदी कायद्याला त्यांनी विरोध केला. मात्र १९१० च्या वृत्तपत्र कायद्याला त्यांनी मर्यादित पाठिंबा दिला. त्यामुळे त्यांच्यावर टीका झाली. नागरी स्वातंत्र्याच्या बाबतीत त्यांच्या मवाळ धोरणाची ही मर्यादा मानली जाते.

१९११ च्या जनगणनेनुसार देशात साक्षरांचे प्रमाण जेमतेम सहा टक्के होते. सक्तीचे शिक्षण भारतात अशक्य आहे, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. परंतु सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात १९०६ मध्येच ते सर्वत्र लागू केले होते. हा दाखला पुढे ठेवून गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले.

विधेयक अत्यंत सावध होते. सक्ती करायची की नाही, हे नगरपालिका किंवा जिल्हा बोर्डाने प्रांतिक सरकारच्या संमतीने ठरवायचे होते. प्रारंभी ती ६ ते १० वयाच्या मुलांपुरती होती. दरमहा दहा रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांकडून फी घ्यायची नव्हती. खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा, अशी गोखले यांची मांडणी होती.

खरी अडचण येथेच होती. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात शिक्षणासाठी वार्षिक ५० लाख रुपयांचे अनुदान जाहीर झाले. मात्र शिक्षणाचे कायदेशीर दायित्व स्वीकारण्यास सरकार तयार नव्हते. बहुतेक प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल मत दिले. काही जमीनदार सभासदही विरोधात गेले. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, गोखले यांचे पुण्यात निधन झाले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांनी मुंबई प्रांतात नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार मिळाला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या बालकांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. हक्क मान्य करायचा तर त्याचा खर्चही शासनाने मान्य केला पाहिजे, हा गोखले यांनी मांडलेला हिशेब त्यांच्या मृत्यूनंतर ९५ वर्षांनी कायद्यात उतरला.