न्यूट्रलशिवाय सुरूच न होणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टरला तीन ठिकाणी नांगर जोडून आपण रोज काम करतो. ही सोय आणणारा हॅरी फर्ग्युसन शेतकऱ्याचाच पोरगा. जन्म १८८४ सालचा, आयर्लंडमधल्या डाउन परगण्यातला. शेतीत जीव रमेना, म्हणून तो बेलफास्टला भावाच्या गॅरेजात शिरला. १९०९ साली स्वतः बांधलेले विमानही त्याने उडवले.

१९१७ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, सरकारने ट्रॅक्टरची नांगरट सुधारण्याचे काम त्याच्याकडे दिले. त्याने काय पाहिले? नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. फाळ दगडाला अडला की पुढची चाके उचलायची आणि ट्रॅक्टर उलटून चालकाच्या अंगावर यायचा. फर्ग्युसनने खाली दोन आणि वर एक असे दांडे बसवले, हायड्रॉलिक उचल दिली. आता फाळ अडला तर वरचा दांडा पुढे रेटतो आणि पुढची चाके जमीन सोडत नाहीत.

१९३८ साली हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला. १९४७ साली तो मोडला, कोर्टकज्जा झाला आणि १९५२ साली फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले.

दरम्यान १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला त्याचा टीई-२० तयार होऊ लागला. १९५६ पर्यंत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर निघाले. चार गिअर पुढचे, एक मागचा. खरी गंमत गिअरच्या दांड्यात. सेल्फचे वेगळे बटणच नाही! दांडा न्यूट्रलमधून 'एस' खुणेवर नेला तरच इंजिन सुरू. गिअर पडलेला असेल तर सेल्फ लागतच नाही. म्हणजे ट्रॅक्टर अचानक पुढे उडी मारणार नाही.

गिअर निवडायचा तोही थांबून. नांगर जमिनीत असताना क्लच दाबला की ट्रॅक्टर जागीच थांबतो. मध्येच दांडा ओढला तर दाते खरडतात, हाती काही लागत नाही.

फर्ग्युसन १९६० साली वारला. त्याच साली मद्रासला स्थापन झालेल्या टॅफे कंपनीमुळे मॅसी फर्ग्युसन हे नाव आपल्या शिवारात आले.

शेतकरी बंधूंनो, आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरची बटणे बिघडली की काहीजण खाली उभे राहून सेल्फला पाना लावतात. गिअर पडलेला असला तर मागचे चाक थेट अंगावर येते. बटण दुरुस्त करून घ्या, सीटवर बसा, दांडा हलवून न्यूट्रल बघा आणि मगच सेल्फ मारा.