मोजणीवाला साहेब आणि आमची रिठी

सर्व्हेचं प्रॅक्टिकल ज्यांनी केलंय त्यांना क्लोजिंग एरर म्हणजे काय हे सांगायला नको. आमच्या ग्रुपने ग्राउंडभोवती ट्रॅव्हर्स घेतला आणि शेवटचा पॉइंट पहिल्या पॉइंटवर यायच्या ऐवजी थेट बॅडमिंटन कोर्टात जाऊन पडला. सरांनी फील्डबुक बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने मद्रासपासून बंगलोरपर्यंत मोजत नेलं आणि चूक निघाली चार इंचांच्या आत. तो माणूस हिंगणघाटला पुरलेला आहे, जमलं तर जाऊन त्याची माफी मागून या.

हिंगणघाट आमच्या घरापासून एसटीने तासाभरावर. आणि मला या माणसाचं नावही माहीत नव्हतं. कर्नल विल्यम लॅम्बटन.

(मित्रांनो, मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये. मराठीत एवढं मोठं लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं सांभाळून घ्या.)

लॅम्बटनच्या मागे लागायचं दुसरं कारण घरात होतं. आमचं आडनाव 'कर'ने संपतं, म्हणजे कुठलं तरी गाव त्यात आहे. पण ते गाव कुठेच नाही. फोनवरच्या नकाशात नाही, एसटीच्या पाटीवर नाही. आजोबा सांगतात की पटकीच्या साथीत गाव उठलं, लोक आजूबाजूला पांगले आणि आमची रिठी झाली. विदर्भात उजाड गावाला रिठी म्हणतात. लहानपणी आजोबांना त्यांचे वडील वर्षातून एकदा बैलगाडीने तिथे न्यायचे, विहिरीजवळच्या मारुतीला नारळ फोडायला. मग कॅनॉल आला, बांध बदलले, जुनी गाडीवाट शेतांत गेली. आजोबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि एका डोळ्याने जवळपास दिसत नाही. तिथे एकदा जायचंय, एवढंच त्यांचं मागणं. बाबांचं मत असं की गाव नव्हतंच, म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी आहेत सगळ्या.

असो. आधी साहेबाची गोष्ट, मग आमची.

लॅम्बटनचा जन्म यॉर्कशायरमधल्या एका गरीब घरातला. जन्मसालसुद्धा धड नोंदलेलं नाही, कोणी १७५३ म्हणतं तर कोणी १७५६. सगळं जग मोजायला निघालेल्या माणसाची स्वतःची तारीख सापडू नये, हे मला गमतीचं वाटलं. गणितात हुशार होता म्हणून नॉर्थअॅलर्टनच्या शाळेत शिकायला मिळालं. मग सैन्यात गेला, अमेरिकेत लढायला पाठवला आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कैद झाला. सुटल्यावर कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये त्याने सरहद्दीची मोजणी केली आणि पुढची तेरा वर्षं लष्कराच्या बराकी सांभाळायची नोकरी. जंगल, बर्फ आणि गणिताची पुस्तकं. त्याच काळात सूर्यग्रहण बघताना एक डोळा कायमचा अधू झाला. ज्या माणसाने पुढे आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावला, त्याच्याकडे धड असा एकच डोळा होता. हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते एकदम ताठ बसले.

१७९६ मध्ये तो हिंदुस्थानात आला. त्याच्या ३३व्या पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, तोच ज्याने १८०३ मध्ये जालन्याजवळ असईची लढाई जिंकली. १७९९ च्या म्हैसूरच्या युद्धात लॅम्बटनने वरिष्ठांचं लक्ष वेधून घेतलं ते मात्र आकाशाकडे बघून. रात्री फौज चालली होती. लॅम्बटनला ताऱ्यांवरून कळलं की आपण उत्तरेऐवजी दक्षिणेला, म्हणजे सरळ टिपूच्या छावणीकडे निघालोय. जनरल बेअर्डला आधी पटेना. मग होकायंत्र काढलं, तर तारेच खरे. आमच्या ग्रुपला दिवसाढवळ्या कंपास हातात असून उत्तर सापडत नाही, ही गोष्ट वेगळी.

युद्ध संपल्यावर त्याने प्रस्ताव मांडला की मद्रासपासून मलबार किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचं जाळं टाकून सगळा दक्षिण भाग मोजावा. मद्रास सरकारातल्या एका हिशेबी सदस्याला हा शुद्ध खर्च वाटला. श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीच्या भोयांना सांगावं, ते बरोबर पोचवतात, त्याला त्रिकोण कशाला, असं त्याचं म्हणणं. तरी मंजुरी मिळाली.

ज्यांना सर्व्हे नाही अशा कॉम्प्युटर आणि ईएनटीसीवाल्यांसाठी थोडक्यात सांगते. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची फक्त पहिली एक रेघ, पुढे टेकडीवरून टेकडीकडे बघत कोन घ्यायचे. पण ती पहिली रेघ चुकली तर सगळा देश चुकला. ती रेघ, म्हणजे बेसलाइन, लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ ला मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल. शंभर फुटांची पोलादी साखळी चारशे वेळा मांडली आणि त्याला ५७ दिवस लागले. ऐन उन्हाळा! पोलाद उन्हाने वाढतं, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, वरून तंबूची सावली आणि शेजारी थर्मामीटर. साखळीचीही एक कथा आहे. ती मुळात इंग्रज वकिलातीने चीनच्या बादशहासाठी नेलेल्या भेटींतली. त्याला ती नको होती, म्हणून फिरत फिरत कलकत्त्याला आली. थिओडोलाइट लंडनच्या कॅरीने बनवलेला, अर्धा टन वजनाचा. तो येताना वाटेत फ्रेंचांनी जहाजच पकडलं आणि तो मॉरिशसला गेला. पण शत्रूचं असलं तरी यंत्र विज्ञानाचं आहे म्हणून त्यांनी तो मद्रासला पाठवून दिला.

१८०४ मध्ये बंगलोरला दुसरी बेसलाइन मोजली. मद्रासपासून त्रिकोणांनी काढलेली तिची लांबी आणि प्रत्यक्ष साखळीने आलेली लांबी यांत फरक आला ३.७ इंच. सर सांगत होते ते हेच. पुढे मद्रास ते मंगळूर अंतर काढलं तर ते सुमारे ३६० मैल निघालं. नकाशांत तोवर ४०० दाखवलेलं. चाळीस मैल रुंदीची जमीन एका झटक्यात नाहीशी!

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो १८०८ चा प्रसंग. तंजावरच्या सपाट मुलखात टेकडी नाही, म्हणून यंत्र बृहदीश्वराच्या देवळावर चढवायचं ठरलं. दोरखंड तुटला आणि अर्ध्या टनाचा थिओडोलाइट दगडी भिंतीवर आदळला. कोन वाचायची तबकडीच वाकली. दुसरा मागवायचा तर इंग्लंडहून यायला वर्षं जाणार. लॅम्बटनने तो त्रिचनापल्लीच्या शस्त्रशाळेत नेला, तंबूत स्वतःला कोंडून घेतलं आणि मोजक्या कारागिरांना घेऊन सहा आठवडे पाचर आणि स्क्रू वापरत ती तबकडी पुन्हा गोल केली. त्याच यंत्राने पुढची मोजणी झाली. (आमच्या लॅबमध्ये ट्रायपॉडचा एक स्क्रू हरवला तर पूर्ण बॅचला फाइन बसतो.)

एवढा आटापिटा कशासाठी? लष्कराला आणि कंपनीला नकाशे हवे होते, ते उघडच आहे. मुलूख जिंकला की तो मोजायचा म्हणजे सारा बसवता येतो. पण लॅम्बटनला स्वतःला खेड्यापाड्यांत फारसा रस नव्हता. त्याला पृथ्वीचा आकार हवा होता. ती ध्रुवांकडे नेमकी किती चपटी आहे हे काढायला दक्षिणोत्तर एक लांबच लांब रेघ मोजावी लागते. कन्याकुमारीकडून निघून ७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे जाणारी ती कमान, म्हणजे ग्रेट आर्क. त्याच्या हयातीत १,६५,३४२ चौरस मैल मुलूख या जाळ्याखाली आला. १८१८ मध्ये त्याच्या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं आणि जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण मदतनीसही. टेकड्यांवर निशाण धरून उभे राहिलेल्या खलाशांची, तापाने मेलेल्यांची नावं मात्र कुठल्याच शिखराला नाहीत. त्यांत आपल्याकडचेही कोणी असतील.

वीस वर्षं तंबूत काढल्यावर, सत्तरीच्या आसपास, हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवत असताना २० जानेवारी १८२३ ला लॅम्बटन हिंगणघाटला वारला. काम एव्हरेस्टने पुढे नेलं. १८६५ मध्ये जगातलं सर्वांत उंच शिखर एव्हरेस्टच्या नावाने झालं. लॅम्बटनच्या वाट्याला आली हिंगणघाटची कबर.

आता आमची रिठी.

सर्व्हे लॅबच्या कपाटात सरांनी मला एक जुनी शीट दाखवली. एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०, आणि सर्व्हे १९२० च्या दशकातला. क्रमांक ५५ एलमधला, आपला हा भाग त्यातच येतो. (लॅबमध्ये नसेल तर टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९५० च्या दशकातले अमेरिकन लष्कराचे नकाशे इंटरनेटवर ठेवलेत. ते अडीच लाखाच्या स्केलचे, म्हणजे लहान गावं निसटतात, पण सुरुवातीला चालतात.) अशा शीटवर टेकडीवर बारीक त्रिकोण आणि शेजारी उंची दिसते. तो त्रिकोण म्हणजे लॅम्बटनच्या पद्धतीने कोन घेतलेलं ठाणं. गावं, नाले, विहिरी हे सगळं त्या त्रिकोणांना टांगलेलं असतं.

झेरॉक्स घरी आणली. आजोबांना इंग्रजी येत नाही आणि मला गावांची नावं येत नाहीत. म्हणून मी वाचायची आणि ते दुरुस्त करायचे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ळ नाही, ण नाही, ढ आणि ड एकच. मी वाडोना म्हटलं की ते वाढोणा म्हणायचे, आणि मग त्या गावात कोणाची सोयरीक होती ते सांगायचे. दोन संध्याकाळी अशा गेल्या. तिसऱ्या दिवशी मी एक नाव वाचलं आणि ते काहीच बोलले नाहीत. परत वाच म्हणाले. ते आमचं आडनाव होतं, 'कर' सोडून. नावाखाली उजाड अशी इंग्रजीत नोंद, एक तुटक चौकट, शेजारी विहिरीचं चिन्ह आणि नाल्याचं वळण. बाबांनी चष्मा लावून ते तीनदा बघितलं.

अक्षांश-रेखांश काढून फोनमध्ये टाकले आणि आम्ही तिघं गेलो. फोनने नेलं ते तुरीच्या शेतात. ना विहीर ना नाला. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. आजोबा बांधावर बसून राहिले. मला घाम फुटला, कारण चूक माझी असणार हे नक्की.

आणि तेव्हा लेक्चर आठवलं. पृथ्वीचा जो आकार धरून आपले जुने नकाशे काढले, तो एव्हरेस्टने १८३० मध्ये लॅम्बटनने सुरू केलेल्या त्या कमानीवरून ठरवला. फोनमधला जीपीएस वेगळा आकार धरतो, डब्ल्यूजीएस ८४. आपल्या भागात दोघांत साधारण दीडशे मीटरचा फरक पडतो आणि खरी जागा वायव्येला सापडते. आमच्या बॅडमिंटन कोर्टाचीच गोष्ट, फक्त या वेळी चूक कोणाचीच नव्हती. मी आजोबांचा हात धरून वायव्येकडे चालायला लागले. नाल्याचं वळण आलं. पुढे बाभळींच्या झुडपात दगडी विहीर होती, अर्धी बुजलेली. मारुती शोधायला वेळ लागला, पण तो बाबांना सापडला. शेंदूर गेलेला, नुसता दगड. आजोबांनी हात फिरवून ओळखला.

पिशवीत नारळ दोन होते. एक तिथे फोडला. येताना हिंगणघाटला उतरून, विचारत विचारत साहेबाच्या कबरीपाशी गेलो. ख्रिस्ती माणसाला नारळ चालतो का, असं आजोबांनी मलाच विचारलं, कारण कॉन्व्हेंटची मी. मला काही ठाऊक नव्हतं. बाबांनी पिशवीतून दुसरा नारळ काढून आजोबांच्या हातात दिला.