२० वर्षांत आयफेल टॉवर पाडला गेला असता, पण रेडिओ मदतीला धावला

आयफेल टॉवरसमोर पोज देणाऱ्यांना पत्ताही नसतो की हा टॉवर १९१० नंतर दिसलाच नसता.

गुस्ताव्ह आयफेल यांचा जन्म १८३२ चा, फ्रान्समधल्या दिजाँचा. लोखंडी पूल बांधण्यात त्यांचा हातखंडा. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या आतला सांगाडाही त्यांच्याच कंपनीचा. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी ३०० मीटरचा टॉवर उभा केला. (मूळ कल्पना कंपनीतल्या दोन इंजिनिअर्सची, नाव झालं साहेबांचं.) करार फक्त २० वर्षांचा. पुढे टॉवर शहराच्या ताब्यात, ठेवा नाहीतर पाडा.

त्यात पनामा कालव्याचं प्रकरण शेकलं. १८९३ मध्ये २ वर्षांची शिक्षा झाली, ती वरच्या कोर्टानं रद्द केली. पण साहेबांनी बांधकामाचा धंदा सोडला आणि टॉवर वाचवायच्या मागे लागले. त्यावर हवामानाच्या नोंदी घेतल्या, वाऱ्याचे प्रयोग केले. पण खरा पत्ता निघाला बिनतारी संदेशांचा. लष्करातल्या गुस्ताव्ह फेरिए यांना त्यांनी टॉवर वापरायला दिला, खर्चही स्वतः उचलला. लष्कराला टॉवरची गरज पटली आणि १९१० पासून करार ७० वर्षांनी वाढला.

२३ मे १९१० पासून टॉवरवरून अचूक वेळेचे सिग्नल जाऊ लागले. याची गरज कुणाला? तर जहाजांना. समुद्रात रेखांश काढायला अचूक वेळ लागते. घड्याळ ४ सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर जहाजाची जागा सुमारे १.८५ किलोमीटरनं चुकते.

भारी गोष्ट म्हणजे ही वेळ घरी बनवलेल्या रिसीव्हरवरही ऐकू यायची. छपरावर ताणलेली लांब तार, तांब्याच्या तारेचं वेटोळं, गॅलेना या शिशाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार आणि कानाला हेडफोन. बस्स. खडा वीज जवळपास एकाच दिशेनं जाऊ देतो, म्हणून लहरींचा आवाज बनतो. बॅटरीसुद्धा नको, लहरींबरोबर आलेली ताकद पुरते. कटकट फक्त एकच, खड्यावरची नेमकी जागा सापडेपर्यंत तार टोचत बसायचं. घड्याळजीसुद्धा असे संच बाळगून त्यावर दुकानातली घड्याळं लावायचे.

आयफेल २७ डिसेंबर १९२३ ला वयाच्या ९१ व्या वर्षी गेले. तोवर त्यांच्या टॉवरवरून वेळेच्या जोडीला संगीतही ऐकू येऊ लागलं होतं.