पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं गेली, पण लक्ष्मणराव थांबले नाहीत! वाचा शेतकऱ्याला यंत्र देणाऱ्या माणसाची गोष्ट

ठाणे : घोडबंदर रोडने कासारवडवलीवरून ओवळा, गायमुखाकडे निघालं की दोन्ही बाजूला टॉवरच टॉवर दिसतात. एकेकाळी इथे भाताची खाचरं होती. जमीन गेली, बैल गेले. गोठ्यात पडलेला लोखंडी नांगर किंवा बंद पडलेला ट्रॅक्टर मात्र अजून कुणाकुणाकडे असतो. बरेच जण तो किलोच्या भावाने भंगारात देतात. काही हौशी मंडळी मात्र असा जुना ट्रॅक्टर मुद्दाम विकत घेतात, खोलतात, गंज काढतात, रंग देतात आणि पुन्हा सुरू करतात. लोक त्यांना वेड्यात काढतात. असंच एक यंत्रवेड घेऊन जगलेल्या माणसाची ही गोष्ट. त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. पुस्तकी अभ्यासात मन नव्हतं. ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. चित्रकला शिकायला ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. पण तिथे कळलं की आपल्याला रंग नीट ओळखताच येत नाहीत. दुसरा कुणी असता तर गाव गाठलं असतं. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा धरल्या. यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रांचं काम हाताने करून पाहिलं. खरं शिक्षण झालं ते तिथे.

हक्काची बढती त्यांना न देता दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतं. सायकल विकायची, दुरुस्त करायची, यावर घर चालत होतं. पण लक्ष्मणरावांचं लक्ष शेतकऱ्याकडे होतं. आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो, माती उलटी करतो, हरळीसारख्या तणाच्या मुळ्या वर येतात. हे आज सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मात्र लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी समजूत होती. नांगर तयार होता, पण गिऱ्हाईक नव्हतं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! घरात पैसा नाही, दुकानात माल पडून, अशी ती दोन वर्षं. पण ज्यांनी नेला त्यांच्या शेतातला फरक शेजाऱ्यांनी बघितला. मग हळूहळू मागणी वाढली.

जम बसतोय तोवर दुसरा घाव बसला. नगरपालिकेला ती जागा हवी होती. कारखाना हलवायला सांगितलं गेलं. जायचं कुठे? अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जागा आणि कर्जही दिलं. जागा म्हणजे निवडुंगाचं रान, साप-विंचवांचं घर. मार्च 1910 मध्ये तिथे मुक्काम पडला आणि त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी काम दिलं, इतकंच नाही तर राखणीवर ठेवलं. माणूसही दुरुस्त होतो, यावर त्यांचा विश्वास होता.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं सांगतात. तोफेचा नांगर झाला! नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप वाडीत तयार होऊ लागले. पुढे मुलगा शंतनुराव यांनी धंदा वाढवला आणि 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवर टुकटुक करणारं ते इंजिन आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी ऐकलं असेल.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. 1989 मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

मंडळी, आता आपल्या गोठ्याकडे या. जुना नांगर, इंजिन किंवा ट्रॅक्टर असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एकदा माती पुसून बघा. ओतीव लोखंडावर कारखान्याचं नाव उठलेलं असू शकतं. जुना ट्रॅक्टर विकत घेणार असाल तर आधी आरसी बुक आणि चेसिस नंबर जुळतो का ते पाहा, इंजिनच्या ब्लॉकला तडा नाही ना याची खात्री करा, आणि सुटे भाग मिळतात का याची मेकॅनिककडे चौकशी करा. बरीच वर्षं बंद असेल तर लगेच स्टार्टर मारू नका. आधी टाकी साफ करा, ऑइल, डिझेल, फिल्टर बदला आणि इंजिन हाताने फिरतंय का ते बघा.

आणि खोलताना घरातल्या पोरांना जवळ बसवा. लक्ष्मणरावही यंत्र हातात घेऊनच शिकले होते. घोडबंदरची खाचरं काही परत येणार नाहीत. पण ती ज्याने नांगरली, ते यंत्र तरी पुढच्या पिढीला चालू स्थितीत दाखवता येईल.