मोजून पाहणारे योगी : स्वामी कुवलयानंद

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून हजारो भाविक पायी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघतात. आता अनेकांच्या मनगटावर हृदयाचे ठोके दाखवणारे घड्याळ असते. घाटाच्या चढावर आकडा एकाएकी उसळला किंवा घसरला, की मनात शंकेची पाल चुकचुकते. श्रम करणाऱ्या शरीराकडे यंत्राच्या साहाय्याने पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रात रुजवणारे स्वामी कुवलयानंद अशा वेळी आठवतात.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. लहानपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांचे शरीर घडले. पुढे अमळनेरला त्यांनी अध्यापन केले. नर्मदाकाठी मालसरच्या परमहंस माधवदासजींकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. गुरूवर निस्सीम श्रद्धा असूनही योगक्रियांचे परिणाम प्रयोगाने पडताळावेत, असा त्यांचा आग्रह होता.

१९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौलीच्या वेळी आतड्यातील दाब मोजून तेथे अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते, हे त्यांनी दाखवले. क्ष-किरण आणि रक्तदाबमापकही त्यांनी आसनांच्या अभ्यासासाठी वापरले. चमत्काराच्या ठिकाणी त्यांनी कार्यकारणभाव शोधला.

त्यांच्या हयातीतच हृदयाचा प्रश्नही ऐरणीवर आला. काही योगी हृदय थांबवू शकतात, असा समज होता. १९३५ मध्ये फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेझ ब्रोस यांनी भारतात घेतलेल्या एका आलेखाने त्याला बळही मिळाले. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी १९५७ मध्ये येथे पुन्हा तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वास रोखून छातीचे व पोटाचे स्नायू आवळले, की छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि मनगटावरील नाडी क्षीण होते. विद्युत-आलेखात मात्र हृदय धडधडतच असते!

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. मनगटावर जाणवते तेच हृदयाचे संपूर्ण सत्य नव्हे, हा त्या काळातील संशोधनाचा धडा आजच्या पदयात्रींनाही उपयोगी आहे. चढावर ठोके वाढणे आणि थांबल्यावर ओसरणे स्वाभाविक आहे. उकाडा, पाण्याची कमतरता, जागरण यांनीही ते वाढतात. घड्याळाचा पट्टा सैल असला किंवा हाताची हालचाल फार झाली, तर आकडा फसवा ठरू शकतो. तेव्हा थांबून बोटांनी नाडी मोजावी. मात्र विश्रांतीनंतरही ठोके अनियमित किंवा फार जलद राहिले, तर वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. छातीत दुखणे, भोवळ किंवा धाप यांची जोड असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये.

खुलताबादला बलाची देवताच पहुडलेल्या रूपात आहे. तिच्या दर्शनाला जाताना वाटेत घटकाभर विसावण्यात कमीपणा कसला?