रॉबर्ट बॉश : ठिणगीमागचा माणूस

मंडपात रोषणाईचे काम चालू असताना कोणाच्या हातातले ड्रिल मशीन पाहा. बॉशचे असेल तर त्यावर गोलात इंग्रजी एच अक्षरासारखी खूण दिसते. ते अक्षर नाही. मॅग्नेटोचे आर्मेचर टोकाकडून पाहिले की असे दिसते. १९१८ पासून ही खूण चालू आहे. ज्या वस्तूने या माणसाला मोठे केले, तिचेच हे चित्र.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीत, उल्म शहराजवळच्या आल्बेक गावी झाला. बारा भावंडांतले ते अकरावे. वडिलांची खाणावळ आणि शेती होती. रॉबर्ट बारीक यंत्रकाम शिकले, अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात आणि इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे काम करून परत आले. नोव्हेंबर १८८६ मध्ये श्टुटगार्टला छोटा कारखाना काढला. सोबत एक कारागीर आणि एक पोऱ्या, बस्स. सुरुवातीची दहा वर्षे ओढाताणीतच गेली. गिऱ्हाइकांकडे ते सायकलवरून जात.

त्या काळी मोटार चालवणे म्हणजे दैवाची परीक्षा होती. डाइमलरच्या इंजिनात प्लॅटिनमची नळी बर्नरने लाल तापवून पेट्रोल पेटवत. वाऱ्याने ज्योत विझे, आणि गाडी उलटली तर आग लागण्याची भीती. बेंझच्या गाडीत बॅटरी आणि कॉइल होती, पण बॅटरी लवकर उतरे. बॉश स्थिर इंजिनांसाठी मॅग्नेटो बनवत. त्याला बॅटरी नको, पण ती इंजिने संथ चालत.

१८९७ साली फ्रेडरिक सिम्स यांनी द दिऑं-बूतों कंपनीची तीनचाकी बॉश यांच्याकडे पाठवली. हिला मॅग्नेटो बसवून द्या, एवढेच काम. पण हे इंजिन मिनिटाला अठराशेपर्यंत फेरे घेई. जुन्या मॅग्नेटोत जड आर्मेचर स्प्रिंगने मागेपुढे झुलत असे. इंजिन हळू असेपर्यंत ठिणगी ठीक, वेग वाढला की आर्मेचर मागे पडणार. आम्हा वर्कशॉपवाल्यांना हे दुखणे ओळखीचे आहे. उभी गाडी छान चालते आणि रेस दिली की मिसिंग मारते. मग एकेका प्लगचा करंट जमिनीला देऊन पाहतो. ज्या प्लगला इंजिनाचा आवाज बदलत नाही, तोच चोर. आमच्या सरकारी वर्कशॉपमध्ये एका जीपचे तीन प्लग मी उगाच बदलले होते, दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये.

बॉशच्या तीनचाकीत दोष तारेतही नव्हता, चुंबकातही नव्हता. हलणाऱ्या भागाच्या वजनात होता. त्यांचे फोरमन आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी आर्मेचर जागच्या जागी पक्के केले आणि त्याच्या व चुंबकाच्या मधे एक हलकी धातूची नळी झुलती ठेवली. गाडी चालली. श्रेय फोरमनचे आहे, हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशी नावे मागे राहतात.

तरी एक अडचण उरली. ठिणगी सिलिंडरच्या आत संपर्क तोडून पडत असे, म्हणजे आत हलणारे भाग, झीज आणि दांड्यांची गुंतागुंत. बॉश यांच्याकडेच पूर्वी उमेदवारी केलेले गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून स्पार्क प्लग दिला. पहिला माल डाइमलरला गेला. १९०६ पर्यंत एक लाख मॅग्नेटो तयार झाले.

त्याच १९०६ मध्ये बॉश यांनी आठ तासांचा दिवस लागू केला. इतर कारखानदार त्यांना लाल बॉश म्हणून चिडवत. काटकसर मात्र अशी की जमिनीवर पडलेली टाचणीसुद्धा उचलून ठेवायची. १९१३ मध्ये त्यांच्याही कारखान्यात संप झाला, तो त्यांना फार लागला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतला धंदा आणि पेटंटे जप्त झाली. लष्करी मालाच्या नफ्यातला मोठा वाटा त्यांनी लोकोपयोगी कामांना दिला. १९२१ साली एकुलता मुलगा दीर्घ आजाराने गेला.

पुढचा काळ गुंतागुंतीचा आहे. हिटलरच्या राजवटीत त्यांनी ज्यूंना मदत केली, विरोधक गोर्डेलर यांना आधार दिला. तरी कारखान्यात शस्त्रांचे काम होते आणि सक्तीने आणलेले मजूरही. १२ मार्च १९४२ रोजी ते गेले, आणि त्याच राजवटीने त्यांचा सरकारी इतमामाने अंत्यविधी केला.

त्यांनी उभारलेले श्टुटगार्टचे रुग्णालय आजही चालते आणि कंपनीचा बहुतांश हिस्सा आता त्यांच्या नावाच्या न्यासाकडे आहे. भारतात १९५१ साली बंगळूरला मायको सुरू झाली, पुढे नाशिकलाही कारखाना आला. आमच्या पिढीने बॉश हे नाव नंतर ऐकले. आधी ऐकला तो मायकोचा प्लग.